देऊळ पाडण्याआधी एकदा आत येऊन बसा: विश्वस्त मंडळाला खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त बंधुभगिनींनो,

प्रभूमध्ये सलाम.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या देवळाच्या दारावर तुमच्या सहीशिक्क्याचा कागद लागला. इमारत धोकादायक आहे, आत कोणी जाऊ नये, या जागेवर बहुउद्देशीय सभागृह आणि रस्त्याच्या बाजूने सहा गाळे होणार आहेत, एवढाच मजकूर. भाच्याने त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी पुण्यात नातवाला शाळेतून आणायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून गावी गेले. नंतर तुम्हाला दोन रजिस्टर पत्रं पाठवली. पोचपावत्या आल्या, उत्तर आलं नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी या मंडळीची लेक आहे. गाव नेवासे तालुक्यातलं. माझा बाप्तिस्मा या देवळात झाला, लग्न इथेच लागलं आणि आईला मातीला नेण्याआधीची भक्तीही इथेच झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांत तेहतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले, पण माझ्या हातात पहिली पाटी दिली ती याच देवळातल्या बालवाडीने. माझी आजी वाचायला शिकली तीही इथेच, रात्रीच्या शाळेत, कंदिलाच्या उजेडात. तेव्हा तिला दोन मुलं झालेली होती.

बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले आम्ही जुने ख्रिस्ती लोक प्रार्थनेच्या इमारतीला देऊळ म्हणतो आणि तिथे जमणाऱ्या माणसांना मंडळी. चर्च हा शब्द आमच्या तोंडात शहरात गेल्यावर आला.

हा फरक इथे महत्त्वाचा आहे, कारण तुमच्यापैकी एका विश्वस्तांनी फोनवर मला ऐकवलं, "बाई, मंडळी म्हणजे माणसं. भिंतींचा एवढा मोह कशाला?" त्यांचं पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. ज्यांनी हे देऊळ उभं केलं त्यांनाही ते मान्य होतं, आणि म्हणूनच त्यांनी ते असं बांधलं.

आपल्याकडे धर्मप्रचाराला आलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक बहुतेक न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, खेड्यापाड्यांतले. १८०६ साली विल्यम्सटाउनच्या कॉलेजातल्या पाच विद्यार्थ्यांनी पावसापासून आडोसा म्हणून गवताच्या गंजीखाली बसून प्रार्थना केली, त्यातून १८१० साली परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड निघालं, १८१३ च्या फेब्रुवारीत त्याचे मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं. या लोकांच्या गावात प्रार्थनेच्या इमारतीला चर्च म्हणायची पद्धत नव्हती. चर्च म्हणजे माणसं, आणि माणसं जमतात ते घर म्हणजे मीटिंग हाउस. रविवारी तिथे उपासना व्हायची आणि इतर दिवशी त्याच बाकांवर बसून गाव आपला कारभार ठरवायचं. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावात १६८१ साली बांधलेलं असं एक घर आजही उभं आहे आणि आजही त्यात दर रविवारी लोक जमतात. त्याचं छप्पर आतून उलट्या घातलेल्या जहाजासारखं दिसतं. मधल्या काळात कोणीतरी खाली सपाट छत मारून ते झाकून टाकलं होतं. १९३० च्या दुरुस्तीत ते छत काढलं तेव्हा जुन्या तुळया पुन्हा दिसल्या. त्या गावानेही आपली माणसं म्हणजेच चर्च असं मानलं, आणि तरीही घर सांभाळलं.

हीच कल्पना आमच्या भागात आली तेव्हा तिला एक वेगळाच अर्थ मिळाला. आमचे पूर्वज महार आणि मांग. गावाला चावडी होती, पण आमच्या माणसाने तिच्या पायरीखाली उभं राहायचं. शाळा होती तिथे पोरांनी बाहेर बसून ऐकायचं, ऐकू आलं तर. गावातल्या हिंदू देवळात तर पाऊलच नाही. अशा माणसांना पहिल्यांदा एक छप्पर मिळालं, जिथे आत येऊन, मधोमध बसून बोलता येत होतं. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी भक्ती, आणि मधे भांडणतंटा झाला, सोयरीक ठरवायची झाली, दुष्काळात धान्य वाटायचं झालं तर तेही तिथेच. ही आमची चावडी होती. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर हे देऊळ बांधलं असं वडीलधारी सांगत. दगडावर कोरलेला आकडा चुन्याच्या थरांखाली गेला आहे. कौलावरचा १८६५ चा छाप दाखवून काही जण तेच बांधकामाचं साल सांगतात, पण ते मंगळूरचा बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते साल. कौलं नंतरची आहेत.

आमच्याच तालुक्यातल्या वडाळ्याला मिशनरी फेअरबँकसाहेबांनी वर्षानुवर्षं राहून काम केलं, नगरला सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, हे सगळं छापून आलेलं आहे. त्या काळातल्या मिशनरींची पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात नीट जपून ठेवली आहेत. ज्यांच्याबद्दल ती पत्रं लिहिली गेली त्या आमच्या माणसांची कागदपत्रं कुठे आहेत, ते पुढे सांगते.

आता त्या दिवशी मी काय पाहिलं ते सांगते. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी कुलूप काढलं. आत चिमण्यांची घाण, ओल्या मातीचा वास. जागा तुम्हाला आठवत असेल तर आठवा: एकच लांबट खोली, खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत काळा दगड, वर भाजलेल्या विटा, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या. शिखर नाही, मनोरा नाही. घंटासुद्धा बाहेर दोन खांबांना टांगलेली. तिच्यावर ट्रॉय, न्यूयॉर्क अशी अक्षरं ओतलेली आहेत.

पुलपिटमागच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठामागच्या, भिंतीचा निळा ऑइलपेंट ओलीने सुटला होता. एक पापुद्रा नखाने ओढला तर खाली काळं दिसलं. मग चमच्याच्या दांड्याने हळूहळू खरवडत गेले. हातभर जागा मोकळी झाली आणि मी तिथेच खाली बसले. तो फळा होता. भिंतीतच घोटून केलेला काळा फळा, खालच्या कडेला खडू ठेवायला दगडाची पट्टी. आजी सांगायची की शनिवारी संध्याकाळी मास्तर फळा पुसायचे आणि बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल शिकवणाऱ्या बाई, त्यावर पांढरा पडदा सोडायच्या, मग रविवारी तीच भिंत उपासनेची. मला वाटायचं, म्हातारी रंगवून सांगते. तेहतीस वर्षं मी फळ्यासमोर उभी राहिले, आणि माझ्या आजीने अक्षर गिरवलं तो फळा रंगाखाली तसाच होता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णय कसा झाला याबद्दल. ठराव शहरातल्या कार्यालयात झाला. गावातल्या मंडळीला सूचना नाही, सभा नाही. आमची परंपरा काँग्रिगेशनल आहे. त्या परंपरेत मंडळी स्वतः मत देऊन पाळक, म्हणजे धर्मगुरू, बोलावते, मंडळीचा कारभार बघणारे डीकन निवडते. निरक्षर बाईच्या हातालाही तिथे मोजणीत जागा होती. त्या घराचं काय करायचं हे त्या घरातल्या माणसांना न विचारता ठरलं, याचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे.

दुसरी तक्रार 'धोकादायक' या शब्दाबद्दल. तुमचा अहवाल एका पानाचा आहे. तपासायला आलेले गृहस्थ शिडी न लावता पंधरा मिनिटांत परत गेले, असं शेजारची माणसं सांगतात. मी गावातल्या जुन्या गवंड्याला बरोबर घेतलं. त्यांचे वडील चुन्याचं काम करायचे. उत्तरेच्या भिंतीला फुगवटा आहे, तडे आहेत, ते खरं आहे. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. पोकळ आवाज आला. छिन्नीने तळहाताएवढं सिमेंटचं पापुद्रं काढलं तर आतला चुना चिखलासारखा ओला. मग दक्षिणेची भिंत वाजवली. तिला कधीच सिमेंट लागलेलं नाही. ती ठणठणीत कोरडी.

कारण साधं आहे. काही वर्षांपूर्वी उत्तर बाजूला सिमेंटचा गिलावा केला आणि त्याला लागूनच स्लॅबचा व्हरांडा ओतला, तोही भिंतीकडे उतार देऊन. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल घेते, पण सोडायला वाट राहत नाही. मग लोणा, म्हणजे क्षार, फुटतो, विटा भुसभुशीत होतात आणि दोष म्हाताऱ्या भिंतीवर जातो. वर छपरात त्याच कोपऱ्यात चौदा कौलं फुटली आहेत आणि एका कैचीचं टोक हातभर कुजलं आहे. बाकीचं लाकूड वाजवलं तर खणखणतं. कुजलेला भाग कापून नवीन सागवान सांध्याने जोडणारे सुतार आजही नगर जिल्ह्यात मिळतात. गवंडी मला म्हणाले, "बाई, ही भिंत आजारी आहे, मेलेली नाही." ते काही इंजिनिअर नाहीत, हे मला कळतं. म्हणूनच मी त्यांच्या शब्दावर निर्णय घ्या म्हणत नाही. जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या माणसाकडून पुन्हा तपासणी करा, एवढंच म्हणते.

तिसरी तक्रार वह्यांची, आणि ती लिहिताना माझा हात थरथरतो. बाप्तिस्म्याच्या आणि पुरण्याच्या जुन्या वह्या पुलपिटशेजारच्या लाकडी कपाटात असायच्या. कपाट कोणीतरी हलवलं आहे. वह्या युरियाच्या रिकाम्या गोणीत, तोंड सुतळीने बांधून, कोपऱ्यात जमिनीवर ठेवल्या होत्या. तळच्या वहीला वाळवी लागली होती. मी ती उघडली. नाव, बापाचं नाव, गाव, पूर्वीची जात, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. एका पानावर आजीचं नाव सापडलं. नावापुढे अंगठा नव्हता, तिरपागडी का होईना, तिची सही होती. दुसऱ्या वहीत १९१८ ची पानं आहेत, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीची. एका घरातली चार नावं एकाखाली एक, तारखांत दोन-तीन दिवसांचं अंतर. लिहिणाऱ्याचं अक्षर पान संपेपर्यंत बदललेलं आहे. पहिला लिहिणाराही त्यातच गेला असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. या माणसांची जन्ममरणं दुसऱ्या कोणी इतक्या आपुलकीने लिहून ठेवली नव्हती. त्या वह्यांची ही जागा नाही.

चौथी तक्रार गाळ्यांची. देवळाची जागा रस्त्याला लागून आहे, तिला भाव आला आहे, हे मी समजू शकते. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची किंवा बिगरशेती जागा अथवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अशी परवानगी मागितली आहे का? मागितली असेल तर अर्जात काय कारण दिलं आहे? गाळे कोणाला, किती मुदतीने, किती भाड्याने? गावात या प्रश्नांची उत्तरं चहाच्या टपरीवर मिळतात, तुमच्या कार्यालयातून मिळत नाहीत. मी कोणावर आरोप करत नाही. कागद दाखवा म्हणते.

तुमची बाजूही मला दिसते. आज रविवारच्या भक्तीला गावात अकरा घरं उरली आहेत. पोरं पुण्याला, चाकणला, मुंबईला गेली. पाळक महिन्यातून एकदा येतात. लग्नकार्याला स्वयंपाकाची सोय नाही, संडास नाही, पावसात गळतं. तुम्ही प्रत्येक गावाकडे कुठवर बघणार? आणि आम्ही बाहेर गेलेल्यांनी तरी काय केलं? नाताळला यायचं, फोटो काढायचे, पेटीत नोट टाकायची आणि निघायचं. सिमेंटचा तो गिलावा झाला तेव्हा मीसुद्धा वर्गणी दिली होती, देऊळ नवं दिसतंय म्हणून खूश झाले होते. ती चूक माझीही आहे, आणि ती निस्तरायला मी आले आहे.

पण सोय हवी म्हणून जुनं पाडलंच पाहिजे असं नाही. मागे दहा गुंठे मोकळी जागा आहे. स्वयंपाकघर, स्वच्छतागृह, साधी शेड तिथे होऊ शकते. भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चची दुरुस्ती झाली आणि तिला २०१७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ते मोठं देऊळ, शहरातलं, त्याला पैसेवाले हात मिळाले, हे खरं. आमच्या एका खोलीला तेवढं काहीच लागत नाही. तिला चुना, कौलं, एक सुतार, एक गवंडी आणि पावसाळ्याआधीचे दोन महिने लागतात.

हेही सांगते की हे घर फक्त ख्रिस्ती माणसांचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते. या ओट्यावर सुकडीची पोती उतरायची आणि रांगेत सगळं गाव असायचं, ज्यांच्या आजोबांनी आमच्या आजोबांना पायरीखाली उभं केलं त्यांची नातवंडंसुद्धा. माझी आई वाटायला बसायची. ती कोणाची जात विचारून माप भरत नव्हती. आज तुमचा कागद लागल्यावर मला पहिला फोन भाच्याचा आला आणि दुसरा एका मराठा शेतकऱ्याचा. ते याच बालवाडीत माझ्या शेजारी बसायचे. त्यांनी कौलं उतरवायला आणि चढवायला स्वतःचा ट्रॅक्टर देऊ केला आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पाडकामाचा ठराव ताबडतोब स्थगित करा आणि तसं लेखी कळवा. पंधरा दिवसांची सूचना देऊन गावातच, देवळाच्या आवारात, मंडळीची सभा घ्या. गावातल्या आणि बाहेर गेलेल्या सर्व सभासदांना तिथे बोलू द्या आणि त्यांचं मत मोजा.

चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून नव्याने तपासणी करा. अहवाल मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा, दारावर लावा. त्याने सांगितलं की इमारत खरोखर वाचत नाही, तर मी त्याच सभेत उभी राहून ते मान्य करीन.

तोवर या पावसाळ्याआधी तीन कामं करू द्या: उत्तरेच्या भिंतीचं सिमेंट काढणं, व्हरांड्याचं पाणी बाहेर वळवणं, फुटलेली कौलं बदलणं. याचा खर्च आम्ही उचलतो. माझं तीन महिन्यांचं निवृत्तिवेतन मी त्यासाठी बाजूला काढलं आहे. पुण्या-मुंबईतल्या आमच्या माणसांशी बोलणं झालं आहे, वर्गणी उभी राहील, आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब तुमच्याकडे येईल.

वह्या आजच सुरक्षित जागी हलवा. प्रत्येक पान स्कॅन करून एक प्रत गावात, एक तुमच्याकडे ठेवा. मूळ वह्या अशा संस्थेत द्या जिथे वाळवी आणि ओल लागणार नाही, आणि त्या कुठे आहेत हे मंडळीला माहीत असू द्या. हलवलेलं कपाट, प्रभुभोजनाचे प्याले आणि बाकं यांची यादी करून ती जाहीर करा.

गाळ्यांसंबंधीचा सगळा पत्रव्यवहार आणि धर्मादाय आयुक्तांकडे केलेला अर्ज, केला असेल तर, मंडळीपुढे ठेवा.

यापलीकडे आमचं काही मागणं नाही. आम्हाला पाटीवर नाव नको, उद्घाटन नको.

मी सध्या गावात भावाकडे राहते आहे आणि सभा होईपर्यंत इथेच आहे. फळा मी अजून पूर्ण खरवडलेला नाही. ते काम जाणत्या हातांनी व्हावं, म्हणून त्यावर आईची जुनी पांढरी साडी सोडून ठेवली आहे. दारावर तुमचा कागद असेपर्यंत आम्ही भक्ती अंगणात, घंटेखाली, सतरंज्या टाकून करतो. येत्या रविवारी तुमच्यापैकी कोणालाही यायला जमलं तर या. एसटी साडेआठला फाट्यावर पोचते, घ्यायला भाचा गाडी घेऊन थांबेल. घंटा नऊला होते.

आपली,
या मंडळीत बाप्तिस्मा झालेली एक निवृत्त शिक्षिका